पाळण्यात बसू या, पण खिट्टी बघून



महाशिवरात्र जवळ आली की आपल्या महाडात वीरेश्वर महाराजांच्या छबिन्याची बोलणी सुरू होतात. गावोगावच्या पालख्या, नाचणाऱ्या काठ्या, ढोल, सनई, आणि त्यासोबत जत्रा. रात्री एस.टी.तून येताना देवळाचा कळस दिसायच्या आधी दिसतं ते आकाशपाळण्याचं दिव्यांचं चाक. पोरं खिडकीतूनच ओरडायला लागतात.

आता जरा आठवून बघा, जत्रेत पाळण्याखाली कोण उभं असतं? एका हातात पोरांच्या चपला, दुसऱ्या हातात बांगड्या-खाऊची पिशवी, काखेत धाकटं, आणि नजर वर. ती आपणच. पोरं बसतात, त्यांचा बाप बसतो, दीर बसतो. आपल्याला कुणी विचारलंच तर आपण म्हणतो, "मला नको बाई, मला गरगरतं." आमच्या गटाच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा कळलं, अर्ध्याहून जास्त जणी आजवर एकदाही पाळण्यात बसलेल्या नाहीत. गरगरतं की नाही हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

म्हणून आजचं बोलणं पाळण्यांवर. जत्रेत आणि मोठ्या बागांमध्ये कोणकोणते पाळणे असतात, ते फिरतात कसे, पोटात गोळा का येतो, आणि बसण्याआधी आपण काय बघायचं, हे सगळं आज सांगणार आहोत.

पहिला पाळणा आपल्या हातांचा

फुगडी आपल्याला कुणी शिकवावी लागत नाही. गौरी-गणपतीत आपण घालतोच. पाय जुळवायचे, हात घट्ट धरायचे, अंग मागं टाकायचं आणि फिरायचं. वेग वाढला की हातांवर ओढ येते. जोडीदारणीनं हात सोडला तर आपण जाऊन भिंतीवर आदळू.

असं का होतं? फिरणाऱ्या वस्तूला खरं तर सरळ जायचं असतं. हात तिला सारखे आत ओढतात, म्हणून ती गोल फिरते. गोफणीत दगड ठेवून गरागरा फिरवला आणि एक दोरी सोडली की दगड सरळ सुटतो, तसंच हे. जत्रेतले निम्मे पाळणे या एका गोष्टीवर चालतात. फुगडीत जे काम हात करतात ते पाळण्यात लोखंडी दांडी, साखळी किंवा सीटची पाठ करते. तेव्हा धरणारी वस्तू पक्की आहे की नाही, एवढाच खरा प्रश्न. तो लक्षात ठेवा, आपण पुन्हा त्याकडे येणार आहोत.

साखळ्यांना टांगलेल्या खुर्च्यांचा पाळणा तुम्ही पाहिला असेल. मधला खांब फिरायला लागला की खुर्च्या बाहेर तिरक्या होतात. पुढच्या वेळी नीट बघा. भरलेली खुर्ची आणि शेजारची रिकामी खुर्ची सारख्याच तिरक्या होतात. जाड बाई बसली म्हणून खुर्ची कमी उडत नाही आणि बारीक पोरगी बसली म्हणून जास्त उडत नाही. ते वेगावर ठरतं. लाकडी घोड्यांचा पाळणा याच घराण्यातला, फक्त त्याचा वेग कमी, म्हणून तो लहानांसाठी.

मौत का कुआँ आपण नुसता बघतो, त्यात बसत नाही. पण तिथंही फुगडीच आहे. मोटारसायकलवाल्याला सरळ जायचं असतं, गोल भिंत त्याला जाऊ देत नाही. तो भिंतीवर दाबला जातो आणि त्या दाबानं टायर फळ्यांना धरून राहतो. वेग कमी झाला की दाब कमी, दाब कमी की तो खाली घसरला. म्हणून तो मध्येच थांबू शकत नाही.

आकाशपाळणा म्हणजे रहाट

आकाशपाळण्याला जुनी माणसं रहाटपाळणा म्हणतात, आणि ते नाव अगदी बरोबर आहे. वाडीच्या विहिरीवरचा रहाट आठवा. माळेतली गाडगी वर येतात, पाणी ओततात, परत खाली जातात. आकाशपाळण्यात गाडग्यांच्या जागी डबे. फरक एवढाच की गाडगं वर जाऊन उलटतं आणि डबा उलटत नाही. डबा वरच्या दांडीला सैल टांगलेला असतो आणि आपलं वजन दांडीच्या खाली असतं. चाक कुठंही फिरो, डबा लोंबता राहतो.

पाळणेवाला माणसं बसवताना एक डबा भरतो, मग चाक फिरवून समोरच्या बाजूचा डबा भरतो. आपल्याला वाटतं, हा उगाच लटकवून ठेवतोय. तसं नाही. तो ताजवा साधत असतो. दोन्ही बाजूंना वजन सारखं असलं की चाक फिरवायला जोर कमी लागतो आणि यंत्रावर ताण येत नाही.

हा खेळ फार जुना. शिवाजी महाराजांच्या जन्माच्या पंधरा वर्षं आधी, १६१५ मध्ये, इस्तंबूल शहरात गेलेल्या एका इटालियन प्रवाशानं असा पाळणा पाहून लिहून ठेवलं आहे. आपल्याकडेही चार डब्यांचे लाकडी पाळणे माणसं हातांनी ढकलून फिरवत. लोखंडाचा पहिला अजस्र पाळणा उभा राहिला १८९३ मध्ये अमेरिकेत शिकागोच्या प्रदर्शनात. स्वामी विवेकानंदांचं भाषण ज्या धर्मपरिषदेत झालं ती त्याच वर्षी, त्याच प्रदर्शनाच्या निमित्तानं भरली होती. फेरिस नावाच्या इंजिनिअरनं बांधलेला हा पाळणा २६४ फूट उंच होता. त्याला ३६ डबे, आणि एकेका डब्यात ६० माणसं. एका डब्यात आपल्या एस.टी.भर माणसं बसायची म्हणा ना.

जहाज म्हणजे झोपाळा

कोलंबस म्हणा किंवा जहाज म्हणा, तो आहे मोठा झोपाळा. ओटीवरच्या झोपाळ्याला आपण पायानं रेटा देतो. जहाजाला रेटा देतो तो खाली बसवलेला टायर. जहाज खाली आलं की फिरणारा टायर बुडाला घासतो आणि पुढं ढकलतो. थांबवायचं असेल तेव्हा तोच टायर उलटा घासून वेग मारतो. म्हणून हे जहाज बटण दाबल्याबरोबर थांबत नाही. "थांबवा" म्हटलं तरी दोन-चार झोके जातातच. हे माहीत असलं की जीव कमी घाबरतो.

झोका वरच्या टोकाला गेला की क्षणभर अंग हलकं होतं, आणि खाली आला की जड होतं. किती जड? झोका उभ्या रेषेपासून ६० अंशांपर्यंत गेला, तर तळाशी येताना ६० किलोची बाई सीटवर १२० किलोचा भार टाकते. एवढा भार सीटनं, दांडीनं, बोल्टांनी दर झोक्याला पेलायचा असतो.

जहाजात टोकाच्या रांगा सर्वांत उंच जातात, मधल्या रांगा कमी. पहिल्यांदा बसणार असाल तर मधली रांग धरा.

आणि पोटात गोळा का येतो? एस.टी.च्या मागच्या सीटवर बसला असाल आणि गाडी उंचवट्यावरून वेगात गेली, तर जे होतं तेच. अंग एकदम हलकं होतं तेव्हा पोटातले अवयवही हलके होऊन किंचित वर सरकतात. शरीराला वाटतं, आपण पडतोय. घाम येतो, छाती धडधडते, तोंडातून किंचाळी निघते. आणि दुसऱ्या क्षणी कळतं, आपण बसल्या जागीच आहोत. मग हसू फुटतं. सगळी मजा या फसवणुकीत आहे.

गरगर कुठून येते

ब्रेक डान्समध्ये खालची तबकडी एकीकडं फिरते आणि तिच्यावरच्या गाड्या आपापल्या भोवती वेगळ्याच फिरतात. टोरा टोरात त्याच्या जोडीला वर-खाली होणंही असतं. उंची फार नसते, पण डोकं भणाणतं ते इथं.

आपल्या कानात खोलवर तीन बारीक वळणदार नळ्या असतात आणि त्यांत पाणी असतं. डोकं फिरलं की ते पाणी हलतं आणि मेंदूला कळतं, आपण कुठं वळलो. पातेल्यातली आमटी ढवळून पळी बाहेर काढली तरी आमटी थोडा वेळ फिरत राहते ना? तसंच पाळणा थांबला तरी कानातलं पाणी फिरत राहतं. डोळे म्हणतात थांबलो, कान म्हणतात फिरतोय. मेंदू गोंधळतो आणि पोट ढवळतं.

पोलादपूरहून आंबेनळी घाटानं महाबळेश्वरला जाताना किंवा महाडहून वरंध घाटानं भोरला जाताना गाडी लागते ती याच कारणानं. ज्यांना घाटात गाडी लागते त्यांनी ब्रेक डान्सच्या वाटेला जाऊ नये. आकाशपाळणा त्यांना बहुधा सोसतो, कारण तो हळू फिरतो आणि लांबचं बघता येतं. घाटातला उपायच इथंही करायचा. नजर लांब एका जागी ठेवायची, भरल्या पोटी बसायचं नाही, आणि उतरल्यावर लगेच चालायला न लागता दोन मिनिटं बसायचं.

रायगडचा रोपवे

आपल्या तालुक्यातच एक झुलता डबा आहे, तो खेळ म्हणून बांधलेला नाही, पण पहिल्यांदा बसताना छाती तशीच धडधडते. रायगडचा रोपवे १९९६ पासून चालू आहे. खालचं ठाणं हिरकणीवाडीला. पायानं गड चढायचा तर सुमारे दीड हजार पायऱ्या. रोपवेनं साधारण ४०० मीटरची उंची चार-पाच मिनिटांत चढून होते. गुडघे दुखणाऱ्या आमच्या गटातल्या दोन काकूंनी महाराजांच्या समाधीचं दर्शन घेतलं ते त्यामुळेच.

इथंही ताजवाच आहे. एका बाजूचे डबे वर जातात तेव्हा दुसऱ्या बाजूचे खाली येतात, म्हणजे उतरणारं वजन चढणाऱ्याला मदत करतं. लोखंडी दोर एकसंध कांबीचा नसतो. कित्येक बारीक तारा सुंभासारख्या पिळून तो वळलेला असतो, त्यामुळे एखादी तार तुटली म्हणून दोर तुटत नाही, आणि तपासणीत ती तुटकी तार सापडते. वारा फार असला की डबे बंद ठेवतात. तेव्हा चिडू नका, तो नियम आपल्यासाठीच आहे.

त्या डब्यातून खालचा कडा बघताना हिरकणीची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. लेकरू घरी एकटं म्हणून ती रात्री कडा उतरून गेली, असं आपण लहानपणापासून ऐकतो. तिनं भीती गिळली ती लेकरासाठी. आपली एखादी मैत्रीण नुसत्या मजेसाठी उंच बसली तर तिला कुणी नावं का ठेवावीत?

मोठ्या बागा आणि रोलर कोस्टर

आपले चाकरमानी मुंबईहून येताना पोरांना एस्सेलवर्ल्डच्या गोष्टी सांगायचे. गोराईची ती बाग १९८९ मध्ये सुरू झाली. त्याआधी १९८४ मध्ये दिल्लीत अप्पू घर सुरू झालं होतं. आता आपल्या रायगड जिल्ह्यातच खालापूर तालुक्यात इमॅजिका आहे, २०१३ पासून. मुंबई-गोवा रस्त्यानं जाऊन वाकण फाट्याला वळायचं, पालीवरून खोपोलीच्या रस्त्याला लागायचं. बरेच गट पालीला बल्लाळेश्वराचं दर्शन घेऊन पुढं तिकडं सहल नेतात.

तिथलं मोठं आकर्षण म्हणजे नायट्रो हा रोलर कोस्टर. उंची सुमारे ४० मीटर, वेग ताशी सुमारे १०५ किलोमीटर, आणि पाच वेळा माणूस उलटा होतो. पण गंमत अशी की त्या गाडीला इंजिन नाही. साखळी तिला पहिल्या उंचीवर ओढून नेते आणि सोडून देते. पुढं ती उताराच्या जोरावर धावते, डोंगरावरून पऱ्ह्याचं पाणी धावतं तशी. म्हणून पुढची प्रत्येक उंची पहिलीपेक्षा कमी ठेवावी लागते.

रोलर कोस्टर वर चढताना बहुतेक ठिकाणी टक टक टक असा आवाज येतो आणि लोक घाबरतात. खरं तर तो धीर देणारा आवाज आहे. एस.टी.चा ड्रायव्हर हँडब्रेक ओढतो तेव्हा करकर आवाज होतो ना, तसे तिथं दाते असतात. साखळी तुटलीच तर गाडी मागं घसरू नये म्हणून एक खुंटी दर पावलाला दात्यात अडकत जाते, तिचा तो आवाज. आणि गाडी रुळावरून उडत का नाही? तिला चाकं तीन बाजूंनी असतात. काही रुळाच्या वर, काही बाजूला, काही खालून. मूठ आवळल्यासारखी ती रुळाला धरून असते.

उलटं झाल्यावर पडत का नाही, याचं उत्तर अंगणात मिळेल. अर्धी बादली पाणी घ्या आणि हात लांब करून जोरात उभी गोल फिरवा. पाणी सांडत नाही. बादली सारखी वळत असते आणि पाण्याला सरळ जायचं असतं, म्हणून ते बुडाला दाबलेलं राहतं. वेग कमी पडला की मात्र अंघोळ होते.

असा पहिला लोकप्रिय रोलर कोस्टर १८८४ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडला सुरू झाला. त्याचा वेग ताशी जेमतेम दहा किलोमीटर होता, सायकलपेक्षा कमी. तरी लोकांनी रांगा लावल्या.

सरळ खाली पडणारा मनोराही अशा बागांत असतो. त्यात बसल्यावर सीट आणि आपण एकाच वेगानं पडतो, म्हणून सीटवर आपलं वजनच पडत नाही. आपण तरंगतोय असं वाटतं. तेवढ्यात ब्रेक लागतात आणि वजन दुपटीनं परत आल्यासारखं वाटतं.

खोटी भीती आणि खरा धोका

आतापर्यंत सांगितलं ते भीतीचं. ती भीती खोटी असते, पैसे देऊन विकत घेतलेली. पण पाळण्यात खरा धोकाही असतो, आणि तो उंचीत किंवा वेगात नसतो. तो असतो गंजलेल्या नळीत, झिजलेल्या पिनेत, न लागलेल्या खिट्टीत.

जुलै २०१९ मध्ये अहमदाबादला कांकरिया तलावाजवळच्या बागेत झोक्यासारखा फिरणारा पाळणा तुटून पडला. दोघांचा जीव गेला, वीसहून जास्त माणसं जखमी झाली. ती कायमची बाग होती, जत्रा नव्हती. सप्टेंबर २०२२ मध्ये पंजाबात मोहालीच्या जत्रेत फिरत वर जाणारा मनोरा माणसांसकट उंचावरून खाली आपटला. म्हणजे दोन्हीकडं डोळे उघडे हवेत. जत्रेच्या पाळण्याची आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. तो एका गावात खोलतात, ट्रकवर चढवतात, दुसऱ्या गावात जोडतात. वर्षात कित्येक वेळा. दर जोडणीला प्रत्येक बोल्ट, प्रत्येक पिन नव्यानं लावायची असते. त्यातली एक जरी राहिली तरी पुरे.

आमच्यावर गुदरलेली एक गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही चौघी एका गावच्या जत्रेत आकाशपाळण्यात बसलो. पहिल्यांदाच बसत होतो, खूप हसत होतो. पाळणा वर गेला आणि आमच्यातल्या धाकटीनं बघितलं, दाराला खिट्टीच नव्हती. तिच्या जागी तारेचा वेढा होता आणि तो सुटत होता. पुढचे सगळे फेरे आम्ही दार हातांनी धरून काढले. तिच्या बोटाला तार कापली. पण एकीनंही "थांबवा" म्हणून हाक मारली नाही. खाली गावातली माणसं उभी होती. बायका घाबरल्या म्हणून हसतील, असं वाटलं.

खाली उतरलो, एकमेकींकडं बघून हसलो, आणि पाळणेवाल्याला काहीच बोललो नाही. आमच्या डोळ्यांदेखत त्याच डब्यात दोन लहान पोरं जाऊन बसली. देवाच्या कृपेनं त्यांना काही झालं नाही. पण त्या रात्री आम्हां चौघींनाही झोप आली नाही. घाबरण्याची लाज नव्हती वाटत. गप्प बसलो त्याची वाटत होती.

पुढच्या वर्षी दुसऱ्या जत्रेत आम्ही आधी डबा बघितला. खिट्टी सैल होती. आम्ही म्हटलं, "दादा, ही बदला, मग बसतो." तो आधी कुरकुरला. मागं रांगेत उभ्या असलेल्या दोन आजी म्हणाल्या, "बरोबर बोलतायत पोरी, बदल की." त्यानं पेटीतून खिट्टी काढून लावली. दोन मिनिटांचं काम होतं.

बसण्याआधी काय बघायचं

आधी एक फेरा खालून नुसता बघा. पाळणा फिरताना कुठं खडखड, कर्रकर्र असा आवाज येतो का, खांब हलतात का, ते दिसतं. पायांखाली लाकडी ओंडके सपाट बसलेत का ते बघा. अवकाळी पाऊस पडून गेला असेल आणि माती भुसभुशीत असेल, तर त्या दिवशी उंच पाळणा नकोच. जमिनीवर उघड्या पडलेल्या वायरी आणि ओल दिसली तर पोरांना तिथून लांब ठेवा.

मग सीट बघा. दाराला खिट्टी आहे का, मांडीवरची आडवी दांडी खाली ओढल्यावर अडकते का. आपल्या हातानं ओढून बघा. पाळणेवाल्यानं प्रत्येक सीट तपासल्याशिवाय पाळणा सुरू केला, तर तो पाळणा आपला नव्हे. चांगला पाळणेवाला रोज सुरुवातीला रिकामा पाळणा फिरवून बघतो. तेवढं विचारायला हरकत नाही.

लहान पोराला मोठ्या माणसाशेजारी एकाच दांडीखाली बसवू नका. दांडी जाड माणसाच्या पोटावर अडते आणि बारीक पोर खालून निसटतं. बागांमध्ये उंचीची खूण केलेली असते. "माझा मोठाच आहे हो" म्हणून आग्रह करू नका.

आता आपलं. पदर कमरेला घट्ट खोचा, ओढणी काढून पिशवीत ठेवा. सुटे केस आणि लांब वेणी यंत्रात अडकून जीव गेल्याचे प्रसंग घडलेत, म्हणून अंबाडा घाला आणि वर रुमाल बांधा. मंगळसूत्र ब्लाऊजच्या आत घ्या. मोबाईल खाली उभ्या असलेल्या मैत्रिणीकडं द्या, वर फोटो काढायचा मोह नको.

पोटुशी बाई, हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असलेली, फिट येणारी, मानेचं-कमरेचं दुखणं असलेली, नुकतंच गर्भपिशवीचं किंवा कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन झालेली, यांनी जोराच्या पाळण्यात बसू नये. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. आणि सहलीत अशा बाईला एकटीला खाली पिशव्या सांभाळत उभं करू नका. आळीपाळीनं एकेकीनं तिच्यासोबत थांबा.

मध्येच वीज गेली आणि पाळणा थांबला तर उठून उभ्या राहू नका, दार उघडू नका. आकाशपाळणा हातानं फिरवून माणसं उतरवता येतात. शांत बसणारी सुखरूप उतरते. काही बिघडलं असं दिसलं तर खाली येताना पाळणेवाल्याकडं बघून मोठ्यानं ओरडा, दोन्ही हात हलवा. खालच्यांनीही साथ द्यायची. अपघात झालाच तर १०८ ला रुग्णवाहिका आणि ११२ ला पोलीस.

आणखी एक काम गटानं मिळून करायचं आहे. पाळणे कसे बांधावेत, कसे तपासावेत, याचं भारतीय मानक आहे, त्याचा क्रमांक आय.एस. १५४७५. पाळणे लावायला परवानगी लागते. महाडला नगरपरिषद आहे, पोलादपूरला नगरपंचायत, गावोगावी ग्रामपंचायत आणि जत्रेची समिती. जत्रेच्या आठ दिवस आधी गटाच्या लेटरहेडवर एक अर्ज द्या: पाळण्यांची तपासणी झाली का, वीजजोडणी कुणी तपासली, रुग्णवाहिका कुठं उभी राहणार. देवाच्या कामात खोडा घालतो असं कुणी म्हणालं तर सांगा, पोरं आमचीच बसणार आहेत त्यात.

पाळणेवालेही घरदार ट्रकवर टाकून गावोगाव फिरणारी माणसं आहेत. त्यांची बायका-पोरं त्याच पाळण्याखाली झोपतात. त्यांच्याशी भांडायला जायचं नाही. "दादा, एवढं बघा" म्हटलं तर बहुतेक जण बघतात.

आता छबिन्याला भेटूच. आमचं ठरलंय, यंदा चपला आणि पिशव्या सांभाळायची पाळी घरातल्या पुरुषांची. ज्या दोन काकू रोपवेनं गडावर गेल्या होत्या, त्यांनी आकाशपाळण्याचं तिकीट आत्ताच मागून ठेवलंय. तुमच्या गटातून कोण कोण पहिल्यांदा बसलं, आणि बसण्याआधी काय बघितलं, ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या वेळी तुमचं बोलणं ऐकू.

नमस्कार.